पारण्याला हादग्याची भाजी

कुंभकोणम्, द्वादशी

चि. सुंदरेशास अक्काचे पोटभरून आशीर्वाद.

तुझ्या वसंताने आजारातही काल एकादशी धरली. आज पारण्याला हादग्याचीच भाजी हवी म्हणाली. हादग्याने औषधाचा गुण जातो, म्हणून इथल्या वैद्यांनी तो पहिल्या दिवसापासून बंद केलेला. भीतभीत विचारलं, तर म्हणाले, "द्या हो अम्मा. आता मागेल ते द्या."

पाला ओरबाडला, बारीक चिरला, मिरचीच्या फोडणीत परतून वर ओलं खोबरं. भात निवायच्या आत भाजी तयार! दोन घास खाल्ले तिने.

"अक्का, पथ्य सुटलं. म्हणजे मी बरी होतेय ना?"

मी हो म्हटलं.

तू वेळेवर जेवतोस ना, बाबा? रजेची वाट पाहू नकोस. मणीला घेऊन आजच नीघ. आईने भाजी खाल्ली, एवढंच लेकीला सांग.

तुझी,
अंबाक्का