हे आमचं नाही

४ ऑक्टोबर

परत आला! लेख परत आला. पहिल्या दोन पानांवर पेन्सिलीची भली मोठी फुली. तिसऱ्या पानापासून ओळीओळीत बारीक दुरुस्त्या. वर टाचणीने लावलेली चिठ्ठी — ‘हे आमचं नाही. पहिली दोन पानं तुमची तयारी आहे, लेख तिसऱ्या पानावर सुरू होतो. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं एक मासिक निघतं, त्यांना पाठवा. पत्ता मागे लिहिला आहे.’

लिफ्टवाल्यांना! लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं एकमेकांच्या चपलांकडे का बघतात, यावर मी चिंतन केलं होतं. चिंतन! आणि ते ज्या मासिकात एकदा छापून आलं की माणूस लेखक ठरतो, त्या मासिकाला पाठवलं होतं. त्याच्या संपादक बाई मला सरळ कारखान्याचा रस्ता दाखवतात.

विमा कंपनीतून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली ती ह्यासाठी? अर्धी तर संपली. एकतीस मार्चला रजा खलास. रात्री जेवताना नवरा म्हणाला, भाजीत मीठ नाही. म्हटलं, आज घरात कशातच नाही.

११ ऑक्टोबर

लाज गुंडाळून ठेवली आणि लेख लिफ्टवाल्यांना पाठवला. पहिली दोन पानं काढली. सासूबाईंना दोन्ही प्रकारे वाचून दाखवला तेव्हा त्या पहिल्या वेळी झोपल्या होत्या, दुसऱ्या वेळी नाही. पुरावा म्हणून एवढा पुरे.

२ नोव्हेंबर

लिफ्टवाल्यांनी घेतला!! मानधनही आलं, पत्राबरोबरच. असं कधी होतं का? त्यांच्या संपादकांनी विचारलंय, असंच काही जिन्यावर लिहाल का. जिना म्हणजे त्यांचा शत्रूच की! पण माणूस दिलदार दिसतो.

सासूबाईंचा निकाल — ‘‘घरात घेतलं नाही, पण हातात शिदोरी देऊन योग्य दाराशी पाठवलं. बाई मोठ्या घरची दिसते.’’

मला अजून तसं म्हणवत नाही. राग आहेच.

१९ नोव्हेंबर

बाईंना पाठवलेली गोष्टही परत. ‘हे आमचं नाही. दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेचं त्रैमासिक आहे, दवाखान्यात ताटकळणाऱ्यांसाठी. त्यांना गोष्टी लागतात आणि ते वेळेवर पैसे देतात. मात्र शेवटचं पान काढा, त्यात नायक मरतो. दाढ काढायला आलेल्या माणसाला ते सोसणार नाही. तसंही तुमची गोष्ट आधीच्याच पानावर संपली आहे, तुमच्या लक्षात आलेलं नाही इतकंच.’

इतकंच!

तणतणत आधीचं पान पुन्हा वाचलं. नायक बसथांब्यावर उभा आहे, बस येते, तो चढत नाही. बस. संपलीच आहे की तिथे. मी त्या बिचाऱ्याला उगाचच मारला. आठवडाभर त्या मरणावर घाम गाळला होता.

ह्या बाईंना न भेटता त्यांची भीती वाटायला लागली आहे. भीती नाही — काय म्हणावं? शाळेत एक शिक्षिका होत्या, वहीवर शेरा लिहायच्या नाहीत, नुसतं चुकीच्या शब्दाखाली बोट ठेवायच्या. तसं काहीतरी.

३० नोव्हेंबर

रविवार, म्हणून कविराज. नवऱ्याचा मामेभाऊ. त्याच्या कविता बाईंच्या मासिकात चारदा आल्यात आणि तो त्या चारही अंकांची पिशवी घेऊनच हिंडतो. माझ्या लिफ्टच्या लेखाची बातमी नवऱ्याने हौसेने सांगितली. कविराज म्हणाला, छान, छान, सुरुवात कुठूनही होते. नंतर स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाला, ‘‘वहिनी, बाईंकडे जाण्याची घाई करू नका. तिथे पिकलेलंच फळ लागतं.’’

ते मासिक मानधन कसं देतं, विचारलं. अशा ठिकाणी असले प्रश्न काढत नसतात, म्हणाला. एवढं नावाजलेलं मासिक, देतच असणार. याला सांगायचं नसेल.

हा कच्चाच राहिला आणि तरी खपला, हे मी त्याला म्हणाले नाही. वहीत म्हणते.

१४ डिसेंबर

दातवाल्यांनी गोष्ट घेतली. शिवाय बाईंनी परत पाठवलेला आणखी एक लेख बसच्या प्रवाशांसाठी निघणाऱ्या पाक्षिकाने घेतला, आणि त्याच्याशी जोडून सदर लिहाल का म्हणून विचारलं. घर चालतंय. ओढाताण होते, पण चालतंय. बाईंच्या नकारांवर चालतंय, हे लिहिताना हसू येतं.

इतकी पेन्सिल कोण झिजवतं हो, जे आपल्याला छापायचंच नाही त्याच्यावर? एका परिच्छेदातल्या पाच विशेषणांतलं एकच ठेवलंय. नेमकं तेच, जे मी सगळ्यांत आधी लिहिलं असणार. बाकीची चार मागून आलेली पाहुणे मंडळी. नवऱ्याला दाखवलं. तो नकाशे काढतो, रेषेतलं त्याला कळतं. बराच वेळ बघून म्हणाला, ज्याने हे केलंय त्याने तुझा लेख तुझ्यापेक्षा जास्त वेळा वाचलाय.

कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते. मनाशी पक्कं केलंय. मार्च संपायच्या आत बाईंनी माझं एक, फक्त एक, छापायला घेतलं तर राजीनामा. नाहीतर एक एप्रिलला मुकाट्याने कामावर रुजू. पैसे मिळतात म्हणून कुणी लेखक होत नाही. त्या एका माणसाने म्हटलं पाहिजे.

५ जानेवारी

आईवरचा लेख पूर्ण झाला. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर हजारो माणसं एकमेकांना जोडून द्यायची आणि घरी फोन वाजला की म्हणायची, तुम्ही घ्या गं, माझी ड्युटी संपली. ती गेली त्या आठवड्यात फोन सारखा वाजत होता आणि आम्ही दोघी बहिणी सवयीने एकमेकींकडे बघत होतो, कोण घेणार म्हणून. ते सगळं लिहिलं. विशेषण एकही नाही!

हा त्यांचाच आहे. हा परत येऊच शकत नाही.

२१ जानेवारी

आला.

२२ जानेवारी

काल नुसती रडले. आज चिठ्ठी वाचली. ‘हे आमचं नाही. हे वाचायचं नाही, ऐकायचं आहे. रेडिओवर दुपारच्या भाषणांसाठी पाठवा. मात्र स्वतः वाचणार असाल तरच द्या, दुसऱ्या कुणाला वाचू देऊ नका.’ लेखावर एकही खूण नाही. पेन्सिल टेकवलेलीच नाही.

म्हणजे एवढा आवडला? मग घ्यायला काय झालं होतं, बाई?

१२ फेब्रुवारी

वाचला. रेडिओच्या त्या बंद खोलीत, कापूस भरलेल्या भिंतींत, एकटीने, थेट प्रक्षेपणात. काचेपलीकडच्या निवेदिकेने मान हलवली आणि मी सुरू केलं. ‘माझी ड्युटी संपली’ ह्या वाक्याला माझ्या तोंडून आईचाच आवाज निघाला. तो माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. कागदावर तो कुणाला ऐकू आला नसता. बाईंना मात्र कागदावरच ऐकू आला होता.

बाहेर पडते तोच ताईचा फोन. म्हणाली, ‘‘आईने फोन घेतला गं शेवटी.’’

तिथेच जिन्यात बसले. खूप वेळ उठवेना. आज बाईंचा राग उरला नाही. नुसतं कौतुक, आणि त्यांच्याहीपेक्षा जास्त नवल. पण अट ती अट. रेडिओ म्हणजे बाईंचं मासिक नव्हे.

३ मार्च

विमा कंपनीतल्या साहेबांचा फोन. माझं टेबल कुणाला दिलेलं नाही, म्हणाले. दाव्यांच्या पत्रांना माझ्यासारखी भाषा कुणाला जमत नाही. कौतुकाने म्हणाले, त्यांना काय माहीत. ‘आपला अर्ज नामंजूर करताना आम्हांस खेद होत आहे’ — वर्षानुवर्षं मीच लिहीत आले. नकारातली तज्ज्ञ आहे मी! पण माझं पत्र वाचून कुणी जिन्यात बसून राहिलं नसेल.

१७ मार्च

शेवटची गोष्ट टपालाने पाठवायचा धीर होईना, म्हणून स्वतःच घेऊन गेले. काचा कापणाऱ्याच्या दुकानावर तिसरा मजला. लिफ्ट नाही. खाली काच चिरल्याचा आवाज, वर एकच खोली. मनात एक उंच, पांढऱ्या केसांची, करड्या नजरेची बाई धरून गेले होते. तिथे एक ठेंगणी, जाड स्वेटरमधली बाई टेबलावर अंकांना कागद गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘आलीस का? गोंद तिकडे आहे.’’

मदतीला येणारी कुणीतरी समजल्या मला! आणि मी — मला काय झालं कोण जाणे — पिशवी खाली ठेवली आणि बसले चिकटवायला. पत्ते लावले, तिकिटं लावली. संपादक त्याच, दुरुस्त्या करणाऱ्या त्याच, गठ्ठे बांधणाऱ्याही त्याच. मधेच फोन आला. कुणीतरी नवी मुलगी असावी पलीकडे. बाई तिला बजावत होत्या, पाठवायच्या आधी मासिकाचे मागचे अंक वाच, सुरुवातीला लहान मजकूर दे, आणि पैसे किती नि कधी ते आधी विचार, विचारायला लाजू नकोस. ऐकताना माझे कान लाल. मी आजवर एकाही संपादकाला विचारलेलं नाही.

ढीग संपत आला तेव्हा कुठे सांगितलं मी कोण ते. बाईंनी पहिल्यांदा नीट बघितलं. ‘‘अच्छा. एक्स्चेंजवाली.’’ मग बसथांब्यावरच्या नायकाची चौकशी केली, जणू दोघींच्या ओळखीचा. लिफ्टच्या लेखातलं एक वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मला ते आठवत नव्हतं.

विचारायचं होतं ते राहिलं. गोष्ट टेबलावर ठेवून आले. बोटांना अजून गोंद आहे.

२६ मार्च

‘हे आमचं नाही.’ पुढचं वाचलं नाही. पाकीट तसंच कपाटात टाकलं.

२८ मार्च

रुजू होण्याचं पत्र लिहिलं. तिकीट लावलं. हात आता सरावलाय.

नवरा म्हणाला, तुझं तू ठरव, पण घर काही अडलेलं नाही. सासूबाईंनी माझ्या हातातला पोळपाट काढून घेतला आणि स्वतः लाटायला बसल्या. कविराज टपकलाच. त्याची पाचवी कविता येणार आहे. म्हणाला, ‘‘मन छोटं करू नका वहिनी, कुणाचं काय, कुणाचं काय.’’ खरं सांगू? त्या क्षणी त्याचा हेवा वाटला. इतका की चहा त्याच्यापुढे आदळला.

बाईंचं चुकलं असं एकदाही वाटत नाही. तेच तर दुखतंय. त्यांची नजर खोटी म्हणता आली असती तर केव्हाच म्हणून मोकळी झाले असते. त्यांचं म्हणणं खरं, म्हणून मी लेखक नाही. एवढा साधा हिशेब.

३० मार्च

पत्र टाकायला निघाले आणि पाय तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. धापा टाकतच विचारलं, माझं एकही का नाही घेतलंत?

बाई गोंधळल्या. खरंच गोंधळल्या. म्हणाल्या, ‘‘अहो, आम्ही कुणाला पैसे देत नाही. नाहीतच द्यायला. जे बाहेर विकलं जाईल ते मी इथे फुकट ठेवून घेत नाही, लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. ज्याला बाहेर कुणी घेणार नाही पण जगायला हवं, तेवढंच मी छापते. तुमचं प्रत्येक विकलं जाणारं होतं.’’

खाली काच चिरत होती.

‘‘पाठवत राहा,’’ म्हणाल्या. ‘‘एखाद्या दिवशी असं लिहाल की कुणी विकत घेणार नाही. ते आणून द्या. वाट बघतेय मी.’’

रुजू होण्याचं पत्र फाडलं. राजीनामा त्यांच्याच टेबलावर बसून लिहिला. बाईंनी त्यातलं एक विशेषण खोडलं.