डबीतला शेवटचा केस

आई, आज तू हवी होतीस. तुझ्या पापणीच्या एका केसानं आज एका पोरीची पीएचडी वाचली, आणि हे घरात सांगायला जावं तर सगळे म्हणतात, झालं, लागली पुन्हा पापणीपुराण सांगायला! म्हणून तुलाच लिहितेय.

युनिव्हर्सिटीत मी नेमकं काय करते हे तुला कधी कुणाला धड सांगता यायचं नाही. शेवटी एका रविवारी तुला लॅबमध्येच घेऊन गेले. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची खोली बघून तू आधी चपला बाहेर काढल्यास. मग मी माझं खरं काम दाखवलं. रेझिनच्या ठोकळ्यात घट्ट बसवलेला रोपाच्या मुळाचा एक कण, हिऱ्याच्या सुरीनं काढलेले त्याचे काप, जेमतेम दिसतील असे, सुरीपुढच्या पाण्यावर तरंगणारे. चिमट्यानं धरले तर फाटतात. म्हणून काडीला नेलपॉलिशनं पापणीचा केस चिकटवायचा आणि त्यानं हलकेच ढकलत त्यांना तांब्याच्या जाळीवर घ्यायचं. जगभर असंच करतात म्हटल्यावर तू अशी हसत सुटलीस की तुझ्या श्वासानं माझे सगळे काप विखुरले. "अगं बाई, एवढ्या महागाच्या मशीनीला शेवटी पापणीच लागते होय!"

लहानपणी पापणीचा केस गळला की तूच तो माझ्या मुठीवर ठेवायचीस. डोळे मीट, माग आणि फुंक. मागितलेलं कुणाला सांगायचं नाही हा नियम तुझाच, आणि लगेच "काय मागितलंस गं?" हेही तुझंच. त्या रविवारनंतर मात्र तू फुंकणं बंद केलंस. गळलेला प्रत्येक केस कुंकवाच्या रिकाम्या डबीत. आपल्या चिक्कडपल्लीच्या स्वयंपाकघरात फोडणीचा धूर डोळ्यांत गेला की डोळे चोळून आधी बोटं बघायचीस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तर आल्यागेल्या बायकांच्या पापण्या न्याहाळायला लागलीस, समोरच्या तेलुगू मावशी "अय्यो, नाकु वद्दु!", मला नको गं बाई, म्हणत तिळगूळ न घेताच पळाल्या. मी वैतागले, "आई, लोक हसतात." तर म्हणालीस, "हसू देत. माझं आता मागायचं काय राहिलंय? तुझं काम होऊ दे म्हणते आणि डबीत टाकते."

तर आज सकाळी ती पोरगी आली. दिलसुखनगरला राहते, तुरीच्या मुळांवरच्या गाठींवर काम करते. फेलोशिप या महिन्यात संपतेय, ठोकळा उरलेला एकच, आणि त्यातलाही निम्मा तिनं घाईघाईत तासून उडवलेला. डोळ्यांत पाणी. "मॅडम, अब क्या करूं जी? फिर से तूर बोना पड़ा तो मैं गई!" मी म्हटलं, "रो नक्को, बैठ." एसी बंद केला, दार लावलं, आणि नेमका तेव्हाच माझ्या काडीवरचा केस मोडला. माझ्या पापण्या आता विरळ झाल्यात, ओढून काढावा असा केस नाही. तिच्या पापण्यांवर मस्काऱ्याचा हा एवढा थर, पाण्यात काळं उतरलं असतं. मग ड्रॉवरमधून तुझी डबी काढली. आत एकच केस उरला होता. तू गेल्यापासून त्याला हात लावायचा धीर झाला नव्हता.

नेलपॉलिश तिच्याच पर्समधलं. मी श्वास रोखून बसले, तीही. एक काप आला, त्याला चिकटून दुसरा, मग पाण्यावर चांदीच्या रंगाची पट्टीच. चांदीचा रंग म्हणजे हवा तेवढा पातळ. तुझा केस जाड, वर जरा वाकडा, पण पठ्ठ्यानं काय काम केलं म्हणून सांगू! पट्टी अलगद जाळीवर बसली. दुपारी पडद्यावर गाठीतले जिवाणू इतके स्वच्छ दिसले की पोरगी "वच्चेसिंदी मॅडम, वच्चेसिंदी!" ओरडत मला धरून नाचायला लागली. आलं, आलं! मीही नाचले, दुखऱ्या गुडघ्यांसकट. इतका आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

ती गेल्यावर मी केस काडीवरून सोडवला, धुतला आणि मुठीवर ठेवला. डोळे मिटले. मागितलंसुद्धा. काय ते विचारू नकोस, नियम तुझाच आहे. हे पत्र पाठवायचं तरी कुठं, म्हणून घडी घालून त्याच डबीखाली ठेवतेय. केसही डबीतच आहे. फुंकर मारवली नाही गं.