दोरीवरचा निळा शर्ट

ऐक,

नव्या फ्लॅटची फाइल शोधू नकोस. ती घेऊन मी ताईकडे चालले आहे. चारला एजंट सह्या घ्यायला आला, तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव.

तुला तो भाग आवडला, कारण तिथे शांतता आहे. आज सकाळी मी एकटीच जाऊन आले. शांतता कसली, चिटपाखरू नाही! गेल्या रविवारी आपण पाहायला गेलो तेव्हा गॅलऱ्यांत वाळत होते तेच कपडे आजही त्याच चिमट्यांना लटकलेत. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय. उन्हात किती दिवस पडल्यावर कापड असं विटतं, ते मला नको शिकवूस. ते कपडे कुणी घालतच नाही.

मग एजंटच्या किल्लीने आपला फ्लॅट उघडला. गॅलरीत तुझा निळा शर्ट वाळत होता. निळे शर्ट गावभर असतात, म्हणशील. पण कॉलर उलटवून शिवताना माझा निळा दोरा संपला होता आणि शेवटचे चार टाके मी काळ्या दोऱ्याने घातले होते. तेच टाके, माझ्याच हातचे.

जिन्यात एक म्हातारी भेटली. म्हणाली, "साहेब मागच्याच आठवड्यात आले की राहायला. तुम्ही कोण, बाई?"

घरी येऊन पाहिलं, तर शर्ट कपाटातच आहे.

फाइल हवी असेल तर ये, देते. फक्त एवढं सांग. त्या दोरीवर तुझा शर्ट होता, पँट होती, मोजेसुद्धा होते. माझं एकही कापड का नव्हतं?