भंगारात गेलेली येझदी

प्रिय अमेयदादा,

रविवारी वेरूळच्या रस्त्यावरचं नवं गाड्यांचं संग्रहालय बघून आले. जुनी गाडी दिसली की माझा पाय निघत नाही, हे तुला ठाऊक आहेच. त्यावरून तू मला ‘मेकॅनिक’ म्हणून चिडवायचास. मोटारींमध्ये छान रमले. लाल फियाट, एक लष्करी जीप, बाबांच्या साहेबांकडे होती तशी अ‍ॅम्बॅसॅडर. मग दुचाक्यांच्या दालनात शिरले आणि समोर आपल्या बाबांची येझदी उभी.

नंबर वाचूनही विश्वास बसेना. म्हणून टाकीवरचा पोचा शोधला, दौलताबादच्या घाटात मी गाडी पाडली होती तेव्हाचा. एवढा चकचकीत रंग देऊनही तो लपलेला नाही. बाबा गेल्यावर मी घरातली एकच वस्तू मागितली होती, ही गाडी. तू म्हणालास, इंजिन जाम झालं होतं, भंगारात दिली. मी रडले तेव्हा माझ्या पाठीवरून हातही फिरवलास. दादा, त्या हाताची मला आता किळस येते.

शेजारी पाटी आहे. ‘कै. मधुसूदन यांच्या स्मरणार्थ पुत्र अमेय यांजकडून. पितापुत्रांची लाडकी गाडी.’ वर दसऱ्याचा फोटो. तू, बाबा आणि मधे झेंडूचा हार घातलेली येझदी. कडेला माझा हात तेवढा उरलाय, पूजेचं तबक धरलेला. बाकीची मी कापली गेले. पितापुत्रांची म्हणे. एकदा किक उलटून तुझी नडगी फुटली, त्यानंतर तू तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाहीस. पूजा झाली की चाकाखालचं लिंबू चिरडायला बाबा मलाच बसवायचे. कार्ब्युरेटरची पिन पेट्रोलनं बोट ओलं होईपर्यंत दाबायची आणि मग एकच किक. हे त्यांनी मला शिकवलं होतं, तुला नाही.

न राहवून दोरीपलीकडे हात नेला, तर तिथला माणूस म्हणाला, “ताई, हात नका लावू. ती चालू होत नाय, लई दिवसांची बंद हाय.” मी हात मागे घेतला. त्याच्याशी काय वाद घालणार?

घरी येते तर तुझा निरोप. दसऱ्याला नवी मोटार येतेय, बहिणीच्या हातानंच पूजा व्हायला हवी, तबक घेऊन ये. त्याचंच हे उत्तर. मी येणार नाही. त्या दिवशी मी संग्रहालयात असेन. दोरीच्या अलीकडून का होईना, मला ओवाळायची आहे ती गाडी ओवाळीन. तुझ्या चाकाखाली लिंबू तूच ठेव. आणि फोटो काढशील तेव्हा निश्चिंत राहा, कापावं लागेल असं यंदा कडेला कुणी नसेल.

‘तुझीच’ लिहायला आज हात वळत नाही,
चारुता