कस्तुराचे वडील जामीन राहिले

४ मे १९३४, सोलापूर
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. कस्तुराला लिहिलेलं पत्र रेक्टरने वाचलं, मी त्याच्या टेबलावर दौत उपडी केली. स्वाभिमानी माणूस दुसरं काय करणार? पण तिचे वडील शिवलिंगप्पा बी. ए. जावयावर अडून आहेत. जूनमध्ये परत पुण्याला. पक्कं.

७ मे
अव्वा म्हणते, लेकरा, पुण्यात छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळतं की, कमवत शिक. पटलं. उद्यापासून पहाटे उठणार.

८ मे
उठलो नाही. शिवाय प्रुफं तपासणारा नवरा कस्तुराला शोभत नाही. कर्जच काढावं.

१२ मे
सूतवाले मल्लप्पाशेट विद्यार्थ्यांना कर्ज देतात. देवमाणूस. जामीन कोण म्हणाले. मी ताठ मानेनं शिवलिंगप्पांचं नाव सांगितलं. शेटनी विचारलं, त्यांना लेक हाय न्हवं? केवढी? म्हटलं, अठरा पुरी. मग एकाच पानाला पुन्हा पुन्हा चुना लावत राहिले. आहेराचा विचार चालला असावा.

१५ मे
शिवलिंगप्पांनी सही केली. म्हणजे जावई ठरलोच! कस्तुरा नळावर भेटली. म्हणाली, सिद्रामा, अप्पांचं नाव काढून घे. काम कर. मी थांबते की. डोळ्यांत पाणी. केवढं प्रेम!
अव्वा सांगत होती, शेटची बायको गेल्यापासून घर सुनं पडलंय, दुसरी बघतायत. आपल्याला काय करायचंय?

२० जून, पुणे
फी भरली, कोट शिवला. रेक्टर म्हणतो, आधी माफी लिहून दे. मी?

२१ जून
दिली नाही. बोलण्याच्या भरात खुर्ची फेकली. नाव कमी केलं. फी परत देत नाहीत. लुटारू!

२ जुलै, सोलापूर
शेट रागावले नाहीत. उलट हसले. म्हणाले, तू जिवाला लावून घेऊ नको, मी जामीनदाराशी बोलतो. मन मोठं.

९ जुलै
शिवलिंगप्पांच्या दारात रोज शेटचा टांगा. कस्तुरा नळावर येत नाही. पावसामुळे असेल. तिला सांगायचंय, छापखान्यात काम शोधतोय. सोमवारपासून.

१४ जुलै
शिवलिंगप्पा गल्लीत दिसले. मला बघून वाट बदलली. आज अव्वाने भाकरी खाल्ली नाही. म्हणाली, तिकडं जाऊ नको रे आता.

२१ जुलै
शेटनी पेढीवर बोलावलं. कर्जाचा कागद माझ्यासमोर फाडला. फिटलं म्हणाले. कसं, ते मी विचारलं नाही. मग पाकिटांचा गठ्ठा पुढे सरकवला. म्हणाले, महिन्याभरात लगीन हाय माझं, शिकलेला हायस, पत्ते लिही, मजुरी देतो. मुलगी कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. यादीत शिवलिंगप्पांचे सगळे पाहुणे होते.
लिहिले.
घरी आल्यावर अव्वाने विचारलं, कुटं होतास दिवसभर?
म्हटलं, काम मिळालं.