एकशे साठ अंशांचा त्रिकोण

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून घरची शाळा सुरू. सातवीतल्या मुलीला शाळेतून काढायला धाडस लागतं. ते माझ्यात आहे. जाहिरात कंपनीतली नोकरी मी सोडली (म्हणजे आमचा चित्रविभागच बंद झाला, पण तसाही मी सोडणारच होतो). आता पूर्ण वेळ पोरीला. विज्ञान आणि भूमिती, दोन्ही चित्रं, नाच, नाटक, गाणी यांतून शिकवणार. पाठ्यपुस्तकं माळ्यावर टाकली.
बायकोची एकच अट: सहामाहीचा पेपर शाळेत जाऊन द्यायचा, नापास झाली तर परत शाळा. मी हसून हो म्हटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी तोवर तिची जागा राखून ठेवली आहे म्हणे. कशाला, देव जाणे.

६ ऑगस्ट
प्रकाशसंश्लेषणाचं नाटक. मी सूर्य, पोरगी पान. बायकोला कार्बन डायऑक्साइडचं काम दिलं होतं, पण ती लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासून आलेली. म्हणाली, आधी चहा पिऊ दे. कार्बनशिवायच प्रयोग उरकला. शेवटी पोरीने विचारलं, यात क्लोरोफिल कुठे होतं. ते आतून जाणवायला हवं, असं सांगितलं.
(क्लोरोफिल नक्की काय करतं, बघून ठेवणे.)

११ ऑगस्ट
पचनसंस्था. लहान आतडं खऱ्या लांबीचं हवं म्हणून जुनी चादर फाडून पट्ट्या शिवल्या. चादर जुनी नव्हती. आतडं स्वयंपाकघरापासून पार गॅलरीपर्यंत गेलं. अन्नाचा घास म्हणून मी त्यावरून सरपटलो.

१२ ऑगस्ट
कंबर धरली. शाळेला सुट्टी.

२० ऑगस्ट
हॉलच्या भिंतीवर भव्य वर्तुळ. मधोमध जाडजूड खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला ब्रश. रंग निळा. पूर्ण फेरी मारून आलो तर रेघ सुरुवातीला मिळेना, चांगली दोन बोटं आत शिरलेली. पोरगी म्हणाली, दोरी खिळ्याभोवती गुंडाळली जातेय, म्हणून त्रिज्या कमी होतेय. शाब्बास म्हटलं, हेच तू शोधून काढायला हवं होतं. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं.
बायको म्हणाली, भिंत घरमालकाची आहे.

२९ ऑगस्ट
त्रिकोणाचं गाणं रचलं. चाल फक्कड. फक्त शेवटच्या ओळीत 'एकशे ऐंशी' काही केल्या बसेना. 'एकशे साठ' मात्र चपखल बसतं, वर 'पाठ'शी यमकही जुळतं. तूर्त तेच ठेवलं. उरलेले वीस अंश मनात धरायचे, असं पोरीला बजावलं. ती बराच वेळ नुसती माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

८ सप्टेंबर
पोरगी रोज संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाते. मोकळं बालपण ते हेच. आज लिफ्टमध्ये मैत्रिणीची आई भेटली. म्हणाली, दोघी मिळून शाळेचा अभ्यास किती छान करतात, तुमची तर सगळा गृहपाठ करते. म्हणजे माझी पद्धत पोरगी तिला शिकवते आहे. ऊर भरून आला.

१९ सप्टेंबर
जुन्या बॉसला फोन लावला. उचलला नाही. बरंच झालं, मला वेळ कुठे आहे.
परीक्षा तोंडावर आली. म्हटलं, पुस्तक एकदा नजरेखालून घालावं. माळ्यावर चढलो, पुस्तकं नाहीत. रद्दीत गेली असतील.

२३ सप्टेंबर
धाबं दणाणलंय. पोरीला गाणं म्हणायला लावलं, तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. ती नापास झाली तर शाळेत जाणार, आणि मग दिवसभर मी या घरात काय करणार? भाजी चिरता चिरता हा विचार आला आणि चिरायचंच राहिलं. बायको आली तेव्हा मी सुरी घेऊन तसाच उभा. काय झालं म्हणाली. कांदा, म्हटलं. समोर भोपळा होता.

३० सप्टेंबर
पेपर झाले. शाळेच्या व्हरांड्यात बसून मी नखं खाल्ली. पोरगी बाहेर आली, सोपं होतं म्हणाली. ज्यांना पेपर सोपा वाटतो, तीच मुलं आपटतात.

६ ऑक्टोबर
पास! विज्ञानात वर्गात पहिली, भूमितीत पैकीच्या पैकी. बायको चक्क माझ्याकडे बघून हसली. आता थांबायचं नाही. आसपासची आणखी मुलं घ्यायची, हॉलला वर्ग करायचा, दारावर बोर्ड लावायचा. बोर्डाची चार डिझाइन्स जेवणाआधीच काढली आणि पोरीला निवडायला सांगितली.
तिने नीट बघून घेतली.
"बाबा, मला शाळेत जायचंय."
अगं, पास झालीस ना, आता कुणी सक्ती करणार नाही, असं समजावलं. तर म्हणाली, माहितीये, म्हणूनच नीट अभ्यास केला, नापास होऊन गेले असते तर तुला वाटलं असतं तुझ्यामुळे झालं.
मग आधी का नाही बोललीस, विचारलं.
"रोज सांगणार होते. पण तू सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून माझी वाट बघत बसायचास."
बोर्डाची डिझाइन्स बायकोने गोळा करून खणात ठेवली.

७ ऑक्टोबर, सकाळी
पोरगी शाळेत गेली. डबा मी भरून दिला. खिडकीतून हात केला, पण ती मैत्रिणीशी बोलत होती. बायकोही गेली.
शर्टाला इस्त्री केली. घालून बसलो आहे.