टाइलीचे तुकडे तोलल्याचा खुलासा

हुडकेश्वर, नागपूर
मंगळवार

मधुसूदनभाऊंना जागेश्वरचा, म्हणजे तुमच्या एकुलत्या एक बहिणीच्या नवऱ्याचा, मौद्याच्या दिशेने हात जोडून नमस्कार.

तुमची शुगर, वहिनींचे गुडघे अन् (मुद्दाम शेवटी विचारतो) माही बायको, सारं ठीक असन असं धरून चालतो. व्हाट्सॲपवर लिहिलं नाही, कारण तुमचा फोन तुमची सून नूपुर पाहून देते, अन् तिच्या पोटात गोष्ट राहत नाही. म्हणून पोस्टाचं पाकीट. डिंक दोनदा लावतो आहे. एकदाच लावलेला दिसला तं समजा, वाटेत कोणीतरी उघडलं.

भागीरथा तुमच्याकडे येऊन आज बारा दिवस झाले. जाताना म्हणाली, "ओट्यामागची भिंत पुरी झाली का फोन करजा, तोवर मी मौद्यालेच." तिनं तुम्हाले काय सांगितलं ते मले माहीत नाही, पण एकाच बाजूचं सांगितलं असन. आता माही बाजू ऐका.

स्वयंपाकाच्या ओट्यामागं टाइली बसवाले लावलेला सक्करदऱ्याचा प्रीतम मिस्त्री कामाले वाईट नाही. पण जो माणूस काम करताना गाणं म्हणत नाही, खर्रा-तंबाखू खात नाही, चहाही अर्धाच कप घेते, त्याच्यावर भरवसा ठेवायचा तं कसा? दुसऱ्या दिवशी तो जेवाले बसला तसं मी मोजलं. बत्तीस टाइली दिल्या होत्या. भिंतीवर एकवीस, जमिनीवर सहा, बाकी पाचचे तुकडे. आता तुम्हाले माहीतच आहे, आमचं घराणं उमरेडच्या विणकरांचं. माहा बाप सूत तोलून आणे अन् लुगडंही तोलूनच देई. मधात तोळाभर घट आली तं शेठ दहा प्रश्न विचारे. ते रक्तातच आहे, त्याले मी काय करू? मी सारे तुकडे पोत्यात भरले, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून काटा मागून आणला, आधी पाच अख्ख्या टाइली तोलल्या, मग पोतं तोललं. भाऊ, पाऊण किलो कमी!

प्रीतमले सरळ विचारलं, का गा, पाऊण किलो टाइल कुठं गेली?  त्यानं डोक्यावरचा दुपट्टा सोडला अन् माह्यासमोर झटकला. पांढरा धुराळा साऱ्या ओट्यावर. "हे घ्या काकाजी तुमचा माल. बाकीचा माह्या नाकात आहे." हत्यारं थैल्यात टाकली अन् गेला. भागीरथा दारातच उभी होती. अर्ध्या तासात तिची बॅग भरून तयार. (येवढ्या लवकर कशी भरली, आधीच भरून ठेवली होती का, याचा विचार मी अजून करून राहिलो.)

मग म्हटलं, आपणच कापू. यूट्यूबवर अकरा व्हिडिओ पाहिले. साऱ्यांत एकच लबाडी: टाइलीवर रेघ मारताना दाखवतात, मग कॅमेरा हलते, अन् पाहतो तं टाइल कापलेली! मधात काय झालं ते कोणी दाखवत नाही. तेवढ्यात शेजारचा अभिजीत आपला टाइल कापायचा बिजलीचा ग्राइंडर घेऊन आला, स्वतःहून. काहून? एक तं ग्राइंडर बिघडला असन, नाही तं भागीरथा घरात आहे का नाही हे त्याले पाहायचं असन. वरून म्हणते, टाइल ओली करून घ्या. इकडं पाणी, तिकडं बिजली! मी कोरडीच कापली. धुराळ्यात देवघरातले देव दिसेनासे झाले, अन् टाइलीची कड उंदरानं कुरतडल्यावानी.

ग्राइंडर परत केला अन् पट्टीवर चाक सरकते तो हाताचा कटर आणला. दुकानदार म्हणाला, "काकाजी, रेघ एकदाच मारजा. दाबून, एका दमात. मग दांडा दाबला का टाइल रेघेवरच मोडते." एकदाच? ज्याचा धंदा टाइली विकायचा, तो टाइल वाचवायची युक्ती काहून सांगन? मी काय दूधपिता आहो? मी पाच वेळा मारली. टाइलीचे तीन तुकडे, एकही रेघेवर नाही. दुसरीले सात वेळा. तिसरीले तं मोजलंच नाही. चौथीच्या वेळी हात दुखून राहिला होता, म्हटलं जाय खड्ड्यात, अन् एकदाच मारली. कट! सरळ, साफ. आता मले खुशी व्हाले पाहिजे होती का नाही? पण मले वाटलं, ही टाइल आतून आधीच तडकलेली असन. म्हणून खात्री कराले पाचवीवर परत पाच रेघा मारल्या. अन् सहावीवर सहा.

तं असं सारं झकास चालू आहे. भिंत जवळजवळ झालीच म्हणून भागीरथेले सांगजा. वहिनींना नमस्कार, नूपुरले आशीर्वाद (पण पत्र दाखवू नका).

तुमचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात,
जागेश्वर

ता. क. 'जवळजवळ' म्हणजे आठ टाइली कमी पडून राहिल्या. हा रंग आता दुकानात येत नाही. पण तुमच्या बाथरूमच्या याच रंगाच्या तेरा टाइली गच्चीवर, टाकीच्या मागं, ताडपत्रीखाली आहेत. (दिवाळीत आलो तेव्हा मोजल्या होत्या, सहज.) तेवढ्या पाठवा, अन् भागीरथेले पत्ता लागू देऊ नका.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करता करता ध्यानात आलं. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं आहे, नूपुर दिवसा नोकरीवर, वहिनी म्हणतात अक्षर लागत नाही. म्हणजे हे पत्र भागीरथाच वाचून दाखवून राहिली. तं मग तुलेच सांगतो वं. काल मी सक्करदऱ्याले प्रीतमच्या घरी गेलो अन् त्याची माफी मागितली. (हो, मीच.) तो पुढच्या सोमवारी यायले तयार आहे, पण म्हणे, "काकू घरी असन तरच येतो. तुमच्यासोबत एकट्यानं काम नाही करत." आता भिंत झाल्याबिगर तू येत नाही, अन् तू आल्याबिगर तो भिंतीले हात लावत नाही. हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं का, ते मी विचारत नाही. चुकलं माहं. तुह्याबिगर घर खायले उठते वं. सकाळी हात आपोआप दोन कप चहा मांडते, मग दुसरा मीच थंडगार पितो. ये. पुढच्या रविवारी सकाळी सातपासून मौद्याच्या गाड्या थांबतात तिथं येऊन उभा राहतो. कोणत्या गाडीनं येतं ते कळवू नको, मी साऱ्या पाहतो.